वैयक्तिक स्वरूपाची तक्रार

"या खोलीत लेकराला दुपारचं ठेवू नकोस," असं शेजारच्या प्रेमलाबाई मला फेब्रुवारीतच म्हणाल्या होत्या. धापा टाकत गच्चीवर आल्या होत्या, एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात सुतळीचा तुकडा. आमच्या पत्र्याच्या खोलीत तो टांगायची परवानगी हवी होती त्यांना. मी दोरीवरचे कपडे काढत होते. अनिमेष अडीच वर्षांचा, माझ्या ओढणीला लोंबकळत होता. मी म्हटलं, "बाई, कूलर आहे की आमच्याकडं." त्या म्हणाल्या, "कूलर आहे ग. पाणी आहे का?" त्या वर्षी लातूरला नळ महिनामहिना कोरडे होते, पुढं एप्रिलात तर पाणी रेल्वेनं आलं, सगळ्या देशानं बघितलं. पण फेब्रुवारीत मला हसू आलं. मी म्हटलं, "पत्र्याचं कसलं भ्याव दाखवता बाई? पत्रा पडून कुणी मरत नसतं." त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरीकडं बघतात तसं, आणि सुतळीला गाठ मारत म्हणाल्या, "पडून नाही मरत. तो जागच्या जागी राहिला की मरतात." मी कपड्यांची घडी घालायला आत गेले. त्या गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद लागतो बघा.

पत्रा पडून कुणी मरत नाही, हे वाक्य माझं नव्हतंच. ते माझ्या वडिलांचं. चाकूरला आमचं माळवदाचं घर होतं. वर दीड हात माती, खाली सागाच्या तुळया, आणि आत उन्हाळ्यातसुद्धा असा गारवा की दुपारी आई आम्हाला चादर पांघरवायची. भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची. आमचं घर पडलं नाही, फक्त देवळीपासून आढ्यापर्यंत एक भेग गेली, त्यातून पलीकडचा लिंब दिसायचा. पण किल्लारीकडून माणसं येत, ओसरीवर बसत, आणि माती कशी खाली आली ते सांगत. सांगताना हात असे वरून खाली आणत की मी आईच्या पाठीमागं सरकायची. माझे वडील, शरदचंद्र गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. त्यांनी त्याच हिवाळ्यात माळवद उतरवलं. टोपल्याटोपल्यांनी माती खाली आली, अंगणात ढीग झाला, आणि घरावर पांढरेशुभ्र नवे पत्रे चढले. वडील खाली उभे राहून वर बघत म्हणाले, "आता पडला तर खोक पडंल. जीव जाणार न्हाई." त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पुढं कधी बघितलं नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. ते वाक्य माझ्या अंगात हाडासारखं वाढलं. मी बी.एस्सी. झाले, तरी स्लॅबखाली मला झोप येत नसे. लातूरला सासरी आले, खालची सिमेंटची खोली दिली होती, पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, अहो, वरची पत्र्याची घेऊ या आपण. सासूबाई शेजारणीला सांगत, "लोकांच्या सुना खालची खोली मागतात, आमची वरची. आभाळातनं आलीय ना!"

गच्चीवर तीन खोल्या होत्या. एक आमची, दोन क्लासच्या मुलींना दिलेल्या. आमच्याच का, अख्ख्या लातूरच्या डोक्यावर पत्रा होता. संध्याकाळी कठड्याशी उभं राहिलं की लांबवर पत्रेच पत्रे चमकत, आणि प्रत्येकाखाली कुणी रेणापूरची, कुणी मुखेडची, कुणी पार देगलूरकडची पोरं पाय टबात सोडून गणितं सोडवत बसलेली असत. माझा नवरा राघवेंद्र एका मोठ्या क्लासात फिजिक्स शिकवायचा. उष्णता कशी वाहते हा धडा त्याचा लई गाजलेला. मुलं म्हणत, सर शिकवताना पंखा लागत नाही. मी ते कौतुकानं ऐकायची. एकच गोष्ट माणूस एका कानानं धडा म्हणून ऐकतो आणि त्याच गोष्टीखाली पोराला झोपवतो, याचं मला आता नवल वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

एप्रिलातल्या त्या दुपारी टँकर आला अशी हाक आली. अनिमेष नुकता झोपला होता. कूलर सुकाच फिरत होता, म्हणजे भट्टीवरून वारा आणून अंगावर टाकत होता. मी दोन घागरी आणि प्लास्टिकचा ड्रम घेऊन खाली धावले. रांग मोठी, भांडणं सुरू, कुणीतरी पाइप ओढला, पुन्हा पहिल्यापासून नंबर लागले. पाऊण तास गेला असेल. घागर कमरेवर घेऊन मी जिना चढले तर दारात वैष्णवी उभी. मुखेडची मुलगी, शेजारच्या खोलीतली, मेडिकलची तयारी करणारी. तिच्या कडेवर अनिमेष होता. ती शांत आवाजात म्हणाली, "ताई, ह्याला घाम न्हाई." मला ते वाक्य आधी चांगलं वाटलं. घाम नाही म्हणजे बरंच की, असं एक निमिषभर मनात आलं, आणि मग मी त्याच्या गालाला हात लावला. तव्यावरून नुकतीच काढलेली भाकरी हाताला लागते तसा तो कोरडा आणि गरम होता. डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या पाठीमागं कुठंतरी बघत होते. मी घागर ठेवली का टाकली ते आठवत नाही. पाणी जिन्यावरून पायरी पायरी खाली चाललेलं आणि मला त्या धावपळीतही त्या पाण्याची हळहळ वाटली, एवढं मात्र आठवतं. मी त्याची आई, आणि पाणी वाया गेलं म्हणून माझा जीव तुटला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओल्या चादरीत गुंडाळलं त्याला. चादरी ओल्या करायला पाणी नव्हतं, पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटच्या माणसानं आपला जार आणून रिकामा केला. तिसऱ्या दिवशी पोरगं हसलं. राघवेंद्र खुर्चीवर बसून नुसता माझा हात दाबत राहिला. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मी हो म्हटलं. नजर लागली म्हटलं की माझं नाव त्यात येत नव्हतं.

घरी आल्यावर प्रेमलाबाई आल्या. मी त्यांची वाट बघत होते आणि भीतही होते, कारण फेब्रुवारीतलं बोलणं त्या काढणार. नाही काढलं. थर्मामीटर बघितला, वहीत काहीतरी लिहिलं, अनिमेषच्या पायाला हात लावला, आणि ओट्याशी जाऊन स्वतःच चहा टाकला. त्यांच्या हातचा चहा म्हणजे गरम पाण्यात चहाची आठवण. मी तो पीत असताना त्या म्हणाल्या, "मी एका पोरीला मारलंय, मनस्विनी." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्या सांगत गेल्या. भूकंपाच्या आधी वर्षभर किल्लारीकडं जमीन गुरगुरत होती, गावची माणसं सांगत होती. प्रेमलाबाई तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आरती नावाची एक मुलगी तिकडची, वसतिगृहात राहायची. तिनं वर्गात हात वर करून विचारलं, बाई, आमच्याकडं भांडी वाजतात, भूकंप होईल का? बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं. दख्खनचं पठार हे स्थिर पठार आहे. इथं भूकंप होत नाही, खाली बस. "ती खाली बसली. गणपतीच्या सुट्टीत घरी गेली. परत नाही आली." बाईंनी कप विसळला. "पुस्तक चुकलं त्याचं मला काही नाही. मी तिला 'चल, बघू या' म्हणाले नाही. नुसतं खाली बस म्हणाले." तेव्हापासून त्या रोज दुपारी तीन वाजता तापमान लिहितात. बावीस वर्षं. सुट्टी नाही, सण नाही, बहिणीच्या तेराव्यालासुद्धा थर्मामीटर पिशवीत.

त्या वहीवरून त्या काय सांगत होत्या ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बेचाळीसच्या वर जाणारे दिवस आधी बोटांवर मोजण्याइतके होते, आता महिनाभर होतात. पण त्यांचा राग उन्हावर नव्हता. उन्हाला काय, म्हणत, ते कुणाला बांधील नाही. राग सरकारवर होता, आणि तोही कसा, मुलानं गृहपाठ केला नाही की बाईंना येतो तसा. "परदेशात जाऊन करारावर सही करतात, हवामान बदलतंय, आम्ही जबाबदारी घेतो म्हणतात. चांगलंच आहे. मग दिल्लीची ती सही माझ्या गल्लीत कधी पोचणार ते विचारायला नको?" माहितीच्या अधिकारात त्यांनी एका कार्यालयाचा उष्णतेचा कृती आराखडा मागवला होता. कुठलं कार्यालय ते मी लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय, "माणसांची नावं घेऊ नकोस, कामाचं नाव घे." आराखड्याला चाळीस पानं. त्यात लिहिलेलं की मार्च अखेरपर्यंत पत्र्याच्या घरांची यादी करावी, एकट्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी भेट द्यावी, ऊन परतावं म्हणून छतांना चुना द्यावा, क्लासच्या वेळा बदलाव्यात. फार चांगलं लिहिलेलं. आणि सदतिसाव्या पानावर, मासेमारांनी दुपारी बारा ते चार समुद्रात जाऊ नये. प्रेमलाबाईंनी त्या ओळीखाली लाल शाईनं लिहिलं होतं, "कुठल्या?"

हा आराखडा घेऊन त्या लोकशाही दिनाला चार वेळा गेल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेबांसमोर नागरिकानं उभं राहायचं, टोकन घ्यायचं, तक्रार मांडायची, सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात. पण त्याचा एक नियम आहे, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. सार्वजनिक चालत नाही. चारही वेळा अर्ज परत आला होता, त्याच एका शेऱ्यानं. "माझं घर जुनं, दगडी, वर स्लॅब, दारात लिंब," त्या म्हणाल्या, "दुपारी बत्तिसाच्या वर जात नाही ग. माझं काही नुकसानच होत नाही, हीच माझी अडचण." मग त्यांनी अनिमेषकडं बघितलं. त्या मला काय मागतायत ते माझ्या लक्षात आलं. अर्जावर लिहायचं होतं की माझ्या मुलाला माझ्या घरात ऊन लागलं. खाली माझं नाव, पत्ता, सही. म्हणजे सासूबाईंचं ते 'नजर लागली'ही गेलं, आणि गच्चीवरच्या खोल्यांचंही चव्हाट्यावर आलं. सगळी गल्लीच क्लासच्या पोरांवर जगत होती. मी म्हटलं, "बाई, विचार करते." त्या म्हणाल्या, "कर. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, तेवढं धरून विचार कर."

राघवेंद्र म्हणाला, "मनू, तुझी चूक तूच लिहून देणार? कागद आहे तो, कायम राहतो." तो वाईट माणूस नाही, घाबरला होता. मी म्हटलं, "तुमच्या धड्यात पत्रा येतो का हो?" त्यावर तो बाहेर गच्चीत गेला. बराच वेळ पत्र्याकडं बघत उभा होता, जसं काही तिथं फळा आहे. आत येऊन म्हणाला, "येतो. मी कधी उदाहरण नाही दिलं." मग अर्जाचा कागद त्यानंच आणला. मी पहिली ओळ लिहिली, माझी चूक आहे, मी सांगूनही ऐकलं नाही. ती लिहिल्यावर हात हलका झाला आणि दुसरी ओळ आपोआप आली.

सोमवारी सभागृहाबाहेर मी बघितलं तर बाकं भरलेली. वैष्णवी होती, तिच्या मैत्रिणी होत्या, भाजीवाल्या, एक रिक्षावाला, चाळीसेक माणसं, प्रत्येकानं आपापल्या नावानं अर्ज दिलेला. प्रेमलाबाई शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लग्नात मुलीकडची माणसं बसतात तशा, अंग चोरून. कारकून गुरुलिंगअप्पा टोकन वाटत होते. त्यांनी अर्जांचा गठ्ठा चाळला आणि माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "सगळे पत्र्याचेच? सार्वजनिक न्हाई ना झालं हे?" मागून एक भाजीवाली म्हणाली, "अप्पा, माझा पत्रा माझ्याच डोक्यावर हाय. तुमच्या डोक्यावर हाय का?" अप्पांनी वर हॉलच्या छताकडं बघितलं आणि म्हणाले, "चला, सात नंबर."

सात नंबर मी. माझ्यामागोमाग बाकीचेही आत येऊन मागं बसले. आत गार होतं, इतकं की अंगावर काटा आला. साहेब तरुण होते, दमलेले, डोळ्यांखाली काळं. अर्ज वाचून म्हणाले, "बाई, वाईट वाटलं. पण घर तुमचं, पत्रा तुमचा, मूल तुमचं. यात शासनानं काय करायचं?" प्रश्न बरोबर होता. याच प्रश्नानं मी पंधरा दिवस अंथरुणात कुशी बदलल्या होत्या.  समोरच्या टेबलावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या ओळीनं मांडलेल्या, मी त्यांच्याकडं बघत बोलले. म्हटलं, "माझी चूक पहिल्या ओळीत आहे साहेब. तुम्ही दुसरी वाचा. तुमच्या आराखड्यात मार्चपर्यंत पत्र्याच्या घरांची यादी करायची आहे. त्या यादीत माझं घर आहे का, एवढंच मला बघायचंय. असेल तर दोष सगळा माझा, मी घरी जाते." साहेबांनी डावीकडं बघितलं. डावीकडच्यांनी आणखी डावीकडं बघितलं. ते बघणं टेबलाच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथं भिंत होती. कुणीतरी म्हणालं, प्रक्रिया सुरू आहे. साहेब म्हणाले, "आहे की नाही?" नाही, असं फार हळू आवाजात आलं. आठ नंबरनं हेच विचारलं, माझं घर यादीत आहे का. नऊ नंबरनं. दहा. अकराव्याला साहेबांनी पेन खाली ठेवलं, रागावतील वाटलं. त्यांनी विचारलं, "मागं त्या बाई कोण? मघापासून काहीतरी लिहितायत." मी म्हटलं, "माझ्या शेजारी. त्यांची तक्रार नाही साहेब, त्यांचं घर गार आहे." सगळे हसले, प्रेमलाबाई नाही हसल्या. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, त्या नियम मोडत नाहीत. त्यांनी चिठ्ठी दिली, ती अप्पांच्या हातातून पुढं गेली. साहेबांनी मोठ्यानं वाचली. "सभागृह चोवीस. बाहेरचा जिना एकेचाळीस. वेळ तीन." मग त्यांनी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि एकेचाळीस अर्जांवर एकच आदेश लिहिला. पंधरा दिवसांत यादी, पुढच्या लोकशाही दिनाला सादर. आणि म्हणाले, "ते समुद्राचं पान तेवढं काढा."

यादी झाली. पंधरा दिवसांत नाही, पावसाळ्यात झाली, म्हणजे त्या वर्षी उपयोग शून्य. पुढच्या मार्चला प्रेमलाबाई पुन्हा बाकावर. त्याच्या पुढच्या मार्चला पुन्हा. साहेब बदलले, आराखड्याचं मुखपृष्ठ बदललं, त्या बदलल्या नाहीत. प्रत्येक नव्या साहेबाला त्या भेटीची वेळ मागून पहिल्या दिवशी शिकवावं तसं सुरुवातीपासून सांगत. थोडं थोडं हललं. आमच्या भागातल्या पत्र्यांना चुना लागला, क्लासच्या दुपारच्या बॅचेस उन्हाळ्यात सकाळी गेल्या, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी दुपारी माणूस जायला लागला. गल्लीनं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं, मग तीच माणसं चुन्याची बादली मागायला आली. मी खालच्या स्लॅबच्या खोलीत झोपायला शिकले. पहिले सहा महिने पहाटे जाग यायची आणि मी छताकडं बघत पडायची. राघवेंद्र झोपेतच म्हणायचा, आहे, जागेवर आहे.

मला विचाराल तर मी आयुष्यात शूर माणूस एकच बघितलं. त्यांना भाषण येत नाही, मोर्चा आवडत नाही, घोषणा दिल्या तर म्हणतात, घसा बसेल, मुद्दा लिही. त्या फक्त वर्षानुवर्षं एकच प्रश्न घेऊन त्याच बाकावर जाऊन बसतात, आणि उत्तर देणाऱ्याला लाज वाटू देतात पण अपमान होऊ देत नाहीत. सरकार म्हणजे कुणीतरी लांबचं, आभाळातलं, असं मला वाटायचं. प्रेमलाबाईंमुळं कळलं की ते एक टेबल आहे, त्याच्या पलीकडं माणसं बसतात, आणि आपण समोर उभं राहून विचारलं तर त्यांना डावीकडं बघावं लागतं.

आता आम्ही नांदेडला असतो. क्लासनं इथं शाखा काढली, राघवेंद्रची बदली झाली, अनिमेष शाळेत जातो. इथल्या लोकशाही दिनाला मी दर पहिल्या सोमवारी जाते, माझ्या पिशवीतही आता एक थर्मामीटर आहे. काल मी बाईंना फोन केला. त्र्याहत्तर चालू आहे त्यांना. दुपारी भेट द्यायला माणसं कमी पडतात म्हणून त्यांनी कार्यालयाकडून सात घरं स्वतःकडं मागून घेतलीत. रोज तीन वाजता, छत्री घेऊन, पायी. मी ओरडले, तर म्हणाल्या, "अग, मागणी मीच केली होती, मग मी घरात बसू?" मग अनिमेष कितवीत गेला विचारलं. मी सांगितलं. थोडं इकडचं तिकडचं झालं, आणि पुन्हा विचारलं, अनिमेष कितवीत आहे ग? मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. फोन ठेवल्यापासून माझं कशात मन नाही. मी शनिवारी निघतेय, पण आज मंगळवार आहे.

तुम्ही लातूरला असाल तर एवढं करा. मुलींच्या जुन्या शाळेच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिच्या वरच्या अंगाला निळं फाटक. तीनला जाऊ नका, त्या नसतील. साडेचारला जा. आल्या असतील तर म्हणतील, मी बरी आहे, तू कोण? नाव सांगा, आत जा, बसा, त्या देतील तो चहा प्या, आणि त्या काय विचारतात ते नीट ऐका. दार बंद असलं तर मात्र परत फिरू नका. गिरणीपासून डाव्या हाताला सात घरं आहेत, पत्र्याची, चुना लावलेली. पहिल्यापासून विचारत जा.